पुन्हा पायडलवर पाय ठेवताना

बाय, अपघातात मोडलेलं खांद्याचं हाड जुळलं असं डॉक्टरांनी सांगून बरेच दिवस झाले, तरी सायकल पडवीत गोणपाटाखालीच आहे. एडवणहून सफाळे स्टेशनापर्यंत रोज सायकल हाणणारी तू, आता नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी असतेस. रिक्षाने जाण्यात कमीपणा काही नाही, हे आधीच सांगतो. पण परवा पडवीतून जाताना तू गोणपाटात हात घालून घंटी वाजवलीस, ती मी आत ऐकली. म्हणून हे लिहून देतोय. धीर मनाला बजावून येत नाही. ब्रेक लागतो हे हाताला कळलं, मागे वळता येतं हे मानेला कळलं, की धीर त्यांच्या मागून येतो. तेव्हा आवडेल तिथून वाचू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे. पहिल्यापासून घे.

१. सायकलच्या आधी अंगाची परीक्षा घे. उभ्या सायकलवर बसून दोन्ही हातांनी ब्रेक करकचून दाबता येतात का आणि खांद्यावरून मागे बघताना मान पुरती वळते का, ते बघ — हाड जुळल्याचं एक्स-रे सांगतो, हातात जोर आल्याचं सांगत नाही.

२. डोक्याला मार होता, हे विसरायचं नाही. उन्हाने, आवाजाने किंवा मोबाइल बघून डोकं दुखतंय, गरगरतंय, तोवर चाकावर बसायचं नाही आणि डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं — तोल हा डोक्यातूनच येतो.

३. फिजिओने दिलेला व्यायाम बरं वाटलं म्हणून सोडू नकोस — दुखरी बाजू वाचवत चालवलंस तर सायकल एका अंगाला ओढेल, आणि तुला वाटेल सायकलच बिघडली.

४. गोणपाट काढ आणि सायकल घरात, येता-जाता दिसेल अशी ठेव. रोज फडकं मार, चेनला तेल दे — हात लागत राहिला की भीती मोठी होत नाही.

५. त्या दिवशी डोक्यावर होतं ते हेल्मेट टाकून दे. वरून धड दिसलं तरी आतलं थर्माकोलसारखं अस्तर दाबलं गेलंय, आणि ते एकदाच दाबलं जातं — त्याने आपलं काम केलं, त्याच्याकडून दुसऱ्यांदा मागू नये.

६. सायकल सफाळ्याच्या सायकलवाल्याकडे ने, आणि तो उघडून बघेल तेव्हा शेजारी उभी राहा. चिमटा मागे वाकलाय का, हँडल चाकाच्या रेषेत आहे का, रिमचा आऊट काढला का, फ्रेमच्या जोडाला बारीक चीर आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ — दुसऱ्याने "ठीक आहे" म्हटलं तर कान ऐकतो, पण पोटातला गोळा डोळ्यांनी बघितल्याशिवाय जात नाही.

७. ब्रेकचे गुटके आणि वायरी नव्या घाल, जुन्या चालत असल्या तरी. आपली हवा खारी, वायर आतून गंजते आणि वरून कळत नाही — ब्रेक शाबूत त्याची झोप शाबूत.

८. सीट पहिले काही दिवस दोन बोटं खाली घे, म्हणजे बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला लागतील. गुडघे थोडे कुरकुरतील, कुरकुरू देत. पाय टेकतात हे कळलं की खांदे आपोआप सैल पडतात. भरवसा आला की सीट परत वर न्यायची, हे मात्र लक्षात ठेव — खाली सीट ठेवून लांब गेलं तर गुडघे धरतात.

आता सायकल बाहेर काढू. रस्त्यावर नाही, किनाऱ्यावर.

९. ओहोटीला ओली वाळू टणक होते, तिच्यावर चाक रुतत नाही, समोरून गाडी येत नाही आणि पडलीस तरी डांबर नाही — पुन्हा शिकायला एवढी मोठी मोकळी जागा शहरातल्या पोरींना मिळत नाही.

१०. ओहोटीची वेळ काढायला मोबाइल नसला तरी चालेल, आपली जुनी पाऊणकी आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा तास येतो, त्यात सहा मिळवले की ओहोटी. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास ओहोटी. पुनवेला आणि अवसेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे सव्वापाच-साडेपाचला पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं, आणि या दोन दिवसांच्या आसपास किनारा सगळ्यात रुंद मिळतो. थोडं पुढेमागे होतं, म्हणून जाण्याआधी किनाऱ्यावरच्या मच्छीमार मांगेल्यांना एकदा विचार. पाणी परत वळलं की तूही वळ — भरती कुणासाठी थांबत नाही.

११. पहिल्या दिवशी चालवायचंच नाही. सायकल हातात धरून चाल, आणि चालता चालता दोन्ही ब्रेक दाबून थांबव, पुन्हा पुन्हा. मग एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्याने ढकलत घसर — थांबता येतं हे आधी शिकलीस तर निघायची भीती अर्धी होते.

१२. मग बस, आणि सरळ जाण्यापेक्षा आठाचा आकडा काढ. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ज्या बाजूला पडलीस त्या बाजूला अंग वळायला नाही म्हणेल. तिथे हळू जा, पण ती बाजू सोडू नकोस — एका बाजूलाच वळणाऱ्याची वाट अर्धी.

१३. ब्रेकचा सराव वेगळा कर. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. एकटा पुढचा दाबलास तर पुढे फेकली जाशील, एकटा मागचा दाबलास तर चाक घसरत जाईल. दोन्ही मिळून, अंग मागे सरकवून, हात ताठ ठेवून दाब — अचानक थांबायची वेळ येईल तेव्हा विचार करायला वेळ नसतो, हाताला आधीच ठाऊक असावं लागतं.

१४. डोळा जाईल तिथे चाक जाईल. वाळूत एक शिंपला ठेव आणि त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत जा, शिंपल्याकडे नको — खड्ड्याकडे बघत राहणारा नेमका खड्ड्यातच जातो.

१५. गुणगुणत चालव, सूर कसाही लागो. भीतीने आधी श्वास अडकतो, मग हात ताठ होतात, ताठ हाताने हँडल थरथरतं, आणि आपण म्हणतो सायकल डगमगते — गुणगुणणाऱ्याचा श्वास अडकत नाही.

१६. घरी आलीस की सायकल गोड्या पाण्याने धू, पुस, चेनला तेल लाव, त्याच दिवशी. उद्यावर टाकलंस तर मीठ तुझ्या आधी कामाला लागलेलं असेल.

इथे जरा थांबून एक सांगतो, कारण तू म्हणशील, काका, किती हळू. पुण्याची वेदांगी कुलकर्णी तुला ठाऊक असेल. २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, ती एकटी सायकलवरून जग फिरली, २९,००० किलोमीटर, १५९ दिवसांत. स्पेनमध्ये तिला सुऱ्याच्या धाकाने लुटलं, डोक्याला मार बसला. ती सावरली आणि पुढे निघाली. लोक तिची ही गोष्ट सांगतात ती "बघा, कशी घाबरली नाही" म्हणून. माझं तसं मत नाही. जिला काहीच वाटत नाही तिला सावरावं लागतच नाही. आणि दुसरा तो नेदरलँड्सचा शर्यतवाला, फाबियो याकोबसन. ऑगस्ट २०२० मध्ये पोलंडच्या शर्यतीत अगदी शेवटच्या रेषेजवळ कठड्यावर आपटला, डॉक्टरांनी त्याला औषधाने बेशुद्ध ठेवलं होतं, चेहऱ्यावर १३० टाके पडले. पुन्हा शर्यतीत उतरला तो एप्रिल २०२१ मध्ये, आणि जिंकला जुलैमध्ये. ज्याचं पोटच सायकलवर, ज्याच्या हाताशी डॉक्टर आणि मालिशवाले, त्यालाही जिंकायला जवळजवळ वर्ष लागलं. फाटलेलं जाळं मांगेला एका बैठकीत सांधत नाही. तुलाही कुणी तारीख दिलेली नाही.

१७. रस्त्यावर पहिल्यांदा येशील ते सकाळी, उजेड झाल्यावर, आणि आशापुरीच्या देवळापर्यंतच. देवीला नमस्कार करून परत — कुठे थांबायचं ते आधी ठरलेलं असलं की निघणं जड जात नाही.

१८. मग माथाण्याकडे, मग कोरे गावाकडे, मग उसरणीपर्यंत. सफाळ्याचा रस्ता सगळ्यात शेवटी. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी केळव्याला येणाऱ्या मुंबईच्या गाड्यांना आपली वळणं ठाऊक नसतात, ते दिवस सोड — आपण कितीही नीट चाललो तरी समोरच्याला रस्ता ठाऊक हवा.

१९. डांबराच्या अगदी कडेने चालवू नकोस, हातभर आत राहा. साइडपट्टी खचलेली असते, आणि कडेला चिकटलेल्या सायकलला लोक जागा न सोडता घासून जातात — आत असलीस की मागच्याला स्टेअरिंग वळवावंच लागतं.

२०. मागून गाडीचा आवाज आला की अंग आक्रसेल, कारण तुला मागूनच धक्का बसला होता. आवाज आला की एकदा मागे बघ आणि मग पुढे बघ. हँडलला छोटा आरसा लावलास तर आणखी बरं, गावातली पोरं हसली तर हसू देत — न दिसणाऱ्या गाडीची भीती दिसणाऱ्या गाडीपेक्षा फार मोठी असते.

२१. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेव. रात्री समोरून मोठी लाइट आली तर तिच्याकडे न बघता डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघ, आणि काहीच दिसेना झालं तर उतर — उतरायला कुणी दंड लावत नाही.

२२. रूळ ओलांडताना चाक काटकोनात ने. पहिल्या पावसात पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, ओला पाचोळा यांवर वळायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही — सुकलेलं तेल पहिल्याच सरीला वर येतं. साचलेल्या पाण्यात चाक घालू नकोस, खाली काय आहे ते कुणाला ठाऊक.

२३. कुत्री मागे लागली तर पळवू नकोस. थांब, उतर, सायकल मध्ये धर, आणि चालत जा.

२४. बोईसरला जायचं तर सायकल सफाळ्यालाच लावून लोकल धर. एमआयडीसीत शिफ्ट सुटायच्या वेळेला टँकर, बस, मोटारसायकली एकाच नाक्यावर येतात, आणि हायवेवर तर जायचंच नाही — त्या रस्त्यांवर सायकलला जागाच ठेवलेली नाही. हे मला पटत नाही, त्याबद्दल बोलत राहीन, पण तुझ्या हाडांवर ते आंदोलन नको.

२५. नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी घरून नीघ. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली खरी, पण एक चुकली की दुसरीला किती बसावं लागतं ते तुला मी सांगायला नको. घाई चढली की तोल उतरला — पडलेल्यांतले बरेच जण कुठेतरी वेळेवर पोहोचायला निघालेले असतात.

२६. जिथे पडलीस ती जागा टाळू नकोस, पण पहिल्यांदा तिथून सायकलवर जाऊही नकोस. दिवसाउजेडी मला नाहीतर मैत्रिणीला घेऊन चालत जा. वळण कुठून दिसत नव्हतं, झाडी कुठे वाढली होती, खडी कुठे होती, ते शांतपणे बघ. पुढच्या वेळी सायकल हातात धरून, आणि मग कधीतरी बसून. तिथे रडू आलं तर रड, रस्ता तुला ओळखत नाही, लाज कसली — का पडलो ते कळलं की ते वळण पुन्हा नुसतं वळण होतं.

२७. कुणी "किती टाके पडले गं?" म्हणून पहिल्यापासून सगळं विचारायला लागलं, तर "बरी आहे आता" एवढंच सांग. रोज नव्याने तो अपघात सांगितलास तर रोज नव्याने तो घडतो. ज्याला सांगून हलकं वाटतं त्याला मात्र सगळं सांग.

२८. महिना उलटला तरी तेच स्वप्न पडत असेल, हॉर्नने दचकत असशील, जेवण जात नसेल, तर १४४१६ ला फोन कर. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात — हाडाला डॉक्टर लागतो तसा मनालाही लागतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

२९. कागद नीट ठेव. धक्का देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर गंभीर जखमेसाठी ५०,००० रुपये सरकारी भरपाई आहे, २०२२ पासून. एफआयआर, दवाखान्याची कागदपत्रं आणि बँकेचं पासबुक घेऊन प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत अर्ज करायचा. पालघरला मी येतो सोबत.

३०. आई नको म्हणेल. तिच्याशी वाद घालू नकोस. कुठल्या रस्त्याने जातेस आणि किती वाजता येशील ते सांग, आणि पोहोचलीस की फोन कर — तीही त्या दिवशी पडली होती, फक्त तिला टाके पडले नाहीत.

३१. सकाळी उठून वाटलं "आज नको", तर आज नको. पण त्या दिवशीही टायरची हवा बघ आणि सायकल पुस. लागोपाठ तीनदा "आज नको" झालं तर मला हाक मार, मी माझी काढतो आणि तुझ्या मागून येतो. पुढून नाही, मागून — तुझी पाठ मोकळी नाही हे तुला कळलं पाहिजे.

३२. आणि एक दिवस रस्त्यात कुणी पडलेलं दिसेल, तेव्हा तू थांबणार हे मला माहीत आहे. १०८ ला फोन कर, मागून येणाऱ्या गाड्या थांबव, त्याचं हेल्मेट ओढून काढू नकोस, पाणी पाजू नकोस, मान हलवू नकोस. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाहीत, तसा कायदा आहे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धर. त्यासाठी एक धुतलेलं फडकं पिशवीत घालून कॅरिअरला आजच बांधून ठेव, आईच्या कपाटातल्या जुन्या लुगड्याचं चांगलं निघेल.