आधी वळण, मग डबे

बाळा, घरात छोटी रेल्वे आणायची ठरवलीस, फार छान केलंस. इंजिन कुठलं घ्यायचं ते तू मला न विचारताच घेशील, मला ठाऊक आहे! म्हणून मी फक्त बारीकसारीक सवयी सांगतो. त्या अंगवळणी पडल्या की गाडी वर्षानुवर्षं धावते.

१. खरेदीआधी पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय निवांत पाहून ये – आपल्याला नक्की काय हवंय, ते चालत्या गाड्यांपुढे उभं राहिलं की उमगतं.

२. माप एकच धर. एचओ म्हणजे मूळ गाडीचा ८७ वा भाग, रूळ १६.५ मिमी, एन म्हणजे १६० वा भाग, रूळ ९ मिमी – दोन्हींचा मोह धरलास तर एकाचे डबे दुसऱ्याच्या रुळावर चढणार नाहीत.

३. एलएचबी जातीचा लांब प्रवासी डबा हवा असेल तर वळणाची त्रिज्या निदान ६० सेंमी ठेव – खरा डबा साडेतेवीस मीटरचा, एचओत तो २७ सेंमी भरतो आणि आखूड वळणावर रूळ सोडतो. आधी वळण, मग डबे.

४. चढ ४० ला १ पेक्षा तीव्र नको – भोर घाटात तो ३७ ला १ आहे, आणि तिथे कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावावी लागतात. रूळ ८ सेंमी उचलायला ३.२ मीटर लांबी लागेल, ती टेबलावर आधी मोज.

५. गाडी लावण्याआधी सुती फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पूस, अधूनमधून चाकंही – वीज रुळावरूनच चाकांत जाते, मळ आला की गाडी अडखळते. पुसला रूळ, गेलं निम्मं खूळ.

६. तारेची घासणी आणि सँडपेपर रुळापासून लांब ठेव – चऱ्यांत मळ साचतो आणि लोखंडी तुसं मोटारीच्या चुंबकाला जाऊन चिकटतात.

७. तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच, आणि प्लास्टिकला चालणारं – जास्त तेल धूळ गोळा करतं.

८. नवं इंजिन आधी डब्यांशिवाय, मध्यम वेगात, अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालव – दातेरी चाकं एकमेकांत नीट बसतात.

९. रुळांना दर मीटर-दीड मीटरवर वेगळी वायर दे – जोडपट्ट्या कालांतराने सैल होतात आणि लांबच्या टोकाला गाडी मंदावते.

१०. कुणी अमेरिकेहून पॉवर पॅक आणला तर त्यावरचे व्होल्ट वाचल्याशिवाय प्लग लावू नकोस – तिकडे १२०, आपल्याकडे २३०, क्षणात जळेल.

११. पावसाळ्याआधी प्लायवुडला दोन्ही बाजूंनी रंग दे आणि इंजिनं सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेव – कोकण-मुंबईच्या दमट हवेत फळी वाकते, मग सांध्यावर गाडी उतरू लागते.

१२. मूळ खोकं जपून ठेव आणि खरेदीची तारीख वहीत लिही – घर बदलताना नाजूक पायऱ्या-दांड्या त्याच खोक्यात सुखरूप राहतात, आणि पुढे विकायचं झालं तर किंमतही बरी येते.

१३. वेग आवर. ताशी १०० किमीची गाडी एचओत सेकंदाला जेमतेम ३२ सेंमी जाते – तेवढीच सोडलीस तर ती खरी वाटते आणि टेबलावरून खालीही पडत नाही.

१४. घरी पोरं आली की त्यांचे हात धुऊन घे आणि वेगाचं बटण त्यांच्याच हाती दे; तू फक्त शेजारी थांब – आज हळू चालवायला शिकलेलं पोर उद्या रूळ पुसायला आपणहून येतं, आणि मोठा लेआउट सांभाळायला असे चार हात लागतातच.