अंग भरले, पण कंबर मोजा

आमच्या खारदांड्यात कोणी रोडावला, की लोक विचारतात, "काय रे, आजारी आहेस काय?" अंग भरले, की सर्वांना बरे वाटते.

एच.आय.व्ही. झालेला माणूस पूर्वी खंगत जाई. सन २००४ पासून सरकारी केंद्रांत त्यावरची औषधे फुकट मिळू लागली. रोज गोळी घेतली, की विषाणू दबतो. वजन परत येते. माणूस पुष्कळ वर्षे जगतो. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण वजन वाढतच राहिले तर? डोल्युटेग्रॅविर या नव्या औषधाने काहींचे वजन जास्त वाढते. पोट सुटले, की मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार मागे लागतात.

मग काय करावे? कंबर मोजावी. पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. मासळी तळण्यापेक्षा कालवणात खावी. खारवलेली मासळी बेताने खावी. विडी-तंबाखू सोडावी. रोज किनाऱ्याने भरभर चालावे.

पण वजन वाढले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका! विषाणू पुन्हा डोके वर काढतो. आधी डॉक्टरांना विचारा.

गोळी रोगाला आवरते. पोटाला आपणच आवरायचे.