क्रेफिश झुंजवताना शिकलेलं

अमेरिकेतल्या पीएचडीची माझी बरीच वर्षं क्रेफिश झुंजवण्यात गेली. क्रेफिश म्हणजे शेवंडीचा गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला भाऊबंद. त्याच्या मोजक्या, मोठाल्या चेतापेशींवर मेंदूतल्या रसायनांचा परिणाम तपासता येतो. "एवढं शिकून कोंबड्यांऐवजी खेकडे झुंजवतेस होय गं?" आई फोनवर म्हणायची. नवख्यांना मी सांगते ते असं:

1. आधी एकेकटं ठेवा. मी सुरुवातीला एकाच टाकीतले दोघे समोरासमोर सोडले. त्यांच्यात वरचढ कोण आणि दबलेला कोण, याचा निकाल आधीच लागलेला होता. महिनाभराच्या नोंदी वाया गेल्या.

2. नुकतीच कात टाकलेला घेऊ नका. कवच मऊ असलं की तो लढायचं टाळतो आणि आपण ते औषधाच्या नावावर मांडतो.

3. तुलनेसाठी काहींना औषधाऐवजी नुसतं सलाइन टोचा. सुईनेही प्राणी बिथरतो.

4. सेरोटोनिन हे मेंदूतलं असंच एक रसायन; 'सेरोटोनिनने आक्रमकता वाढते' असं लिहून मोकळे होऊ नका. 1997 साली रॉबर्ट ह्यूबर, एडवर्ड क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी ते टोचल्यावर दबलेले प्राणी वरचढांशी पुन्हा भिडले. म्हणजे ताकद होतीच, माघार तेवढी लांबली. माणसांत मात्र उतावळ्या हिंसेचा संबंध बहुधा सेरोटोनिन कमी असण्याशी जोडला जातो.

5. व्यसनाला 'मनाचा कमकुवतपणा' म्हणायची घाई नको. 2004 साली पँकसेप आणि ह्यूबर यांना दिसलं, की ज्या जागी कोकेन मिळालं तीच जागा क्रेफिश नंतर पसंत करतो. त्याला ना वाईट संगत, ना घरची भांडणं.

6. रसायनाइतकाच प्राण्याचा पूर्वेतिहास पाहा. 1996 साली डोनाल्ड एडवर्ड्स यांच्या अटलांटातल्या गटाने शेपटीच्या फटक्याने निसटण्याची चेतापेशी तपासली. सेरोटोनिनने वरचढ प्राण्यात तिचा प्रतिसाद वाढला, दबलेल्यात घटला. मग दोन दबलेले एकत्र ठेवले. त्यांतला एक वरचढ ठरला आणि हळूहळू त्याची पेशीही वरचढासारखी वागू लागली. दोन वरचढ एकत्र ठेवल्यावर जो हरला, त्याच्या पेशीत मात्र फारसा बदल झाला नाही.

हे आईला सांगितलं, तर ती हसत म्हणाली, "म्हणजे आपल्या माजी सरपंचांसारखंच की!"