विसरभोळेपणा टाळता येतो का?

प्रश्न : राधानगरीतल्या एका ५२ वर्षांच्या वाचक भगिनी विचारतात, सासूबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात आणि स्वतःलाही हल्ली नावं आठवत नाहीत. रोज शब्दकोडी सोडवून उपयोग होईल का?

उत्तर : नाव ओठांवर येऊन अडकणं या वयात सर्रास घडतं. सासूबाईंना मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवं. थायरॉईडचा त्रास, बी-१२ची कमतरता, नैराश्य यांनीही स्मरणशक्ती मंदावते, आणि त्यांवर उपचार आहेत.

शब्दकोडी जरूर सोडवावीत, पण सगळी भिस्त त्यांवर नको. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणं सांगितली; ती दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा यांच्या जोडीला त्यात कमी ऐकू येणंही आहे. हे आपल्याकडे कोणी मनावरच घेत नाही! ऐकू येईना की माणूस गप्पांतून अंग काढून घेतो. घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, तर आधी कान तपासावेत.

चाळिशीनंतर वरचा रक्तदाब १३०च्या आसपास किंवा खाली हवा. राधानगरीच्या लक्ष्मी तलावाच्या बाजूला रोज अर्धा तास झपाझप चालावं, आणि डोक्याला मार लागू नये म्हणून दुचाकीवर हेल्मेट घालावं.

ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा भरली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. नवं शिकणं आणि चारचौघींत मिसळणं, दोन्ही एकदम. गावच्या भजनी मंडळात नवा अभंग पाठ करणंही त्याच तोडीचं.

तपासणीला जाताना सासूबाईंच्या चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. झोपेच्या काही गोळ्यांनीही विसर पडतो.