दाराबाहेर जाणारे वाय-फाय

१३ सप्टेंबर २००८ च्या संध्याकाळी दिल्लीत करोल बागेच्या गफ्फार मार्केटमध्ये बॉम्बस्फोट झाला. पाठोपाठ कॅनॉट प्लेस आणि ग्रेटर कैलाशमध्येही. जबाबदारी घेणाऱ्या ई-मेलचा माग मात्र मुंबईत, चेंबूरच्या एका खासगी कंपनीच्या वाय-फायपर्यंत पोहोचला. त्याआधी २६ जुलैच्या अहमदाबाद स्फोटांचा ई-मेल नवी मुंबईत, सानपाड्यातील एका घराच्या वाय-फायवरून गेला होता. वाय-फाय वापरले परक्यांनी. चौकशी आली मालकांच्या दारी.

असे का घडते? राउटरच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. जिन्यात किंवा रस्त्यावर उभा असलेला माणूसही त्या पकडू शकतो. तो जे करील ते तुमच्या जोडणीच्या आयपी पत्त्यावर, म्हणजे तुमच्याच खात्यावर नोंदले जाते.

काय करावे?

१. डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सुरक्षा निवडा. जुने डब्ल्यूईपी काही मिनिटांत फुटते.
२. पासवर्ड लांब ठेवा. आडनाव, मोबाइल नंबर नको.
३. राउटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड बदला. 'अ‍ॅडमिन' हा शब्द सर्वांनाच ठाऊक असतो.
४. डब्ल्यूपीएस बंद ठेवा, अपडेट वेळेवर घ्या.
५. दुकानात गिऱ्हाइकांना वेगळे 'गेस्ट' नेटवर्क द्या. बिलाचा संगणक त्यावर नको.

पहाऱ्यावरचा जवान ओळख पटल्याशिवाय फाटक उघडत नाही. सुट्टीत घरी गेलात की आई-बाबांसोबत बसून आपल्या घरचे फाटक तपासा.