पिंपळाला फेऱ्या मारू पाहणाऱ्या भाच्यास

नेरूळ, नवी मुंबई

चि. निनाद,

वहिनीचा फोन आला आणि आत्याच्या पोटात गोळा आला. दिवाळीला आलास ते बहीण मुक्ता हिच्याशी लेडीज डब्यावरून भांडलास, एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा विषय काढलास, लाडकी बहीण योजना काढलीस आणि शेवटी ‘पुरुषद्वेष हाही अत्याचारच’ म्हणत ताट सरकवून उठलास म्हणे. बेंगळुरूला परतल्यापासून कुणाचा फोन घेत नाहीस. भांडण एक वेळ चालेल. फोन न घेणं चालणार नाही.

चर्चगेट-बोरिवली पहिली लेडीज स्पेशल 5 मे 1992 रोजी सुटली, ती पुरुषांची सीट हिसकावायला नाही. गर्दीत नको तिथे हात लागतात म्हणून. एसटीत बायकांना निम्मं भाडं 17 मार्च 2023 पासून आहे. तिजोरीला ते परवडतं का, हा वाद रास्त आहे, तो घाल. पण सवलत मिळाली म्हणजे बाई तुझ्यावर राज्य करू लागली काय?

तू ग्रुपवर टाकलेला फोटोही पाहिला. छत्रपती संभाजीनगरचे पत्नीपीडित नवरे वटपौर्णिमेच्या सुमारास पिंपळाला फेऱ्या मारतात, हीच बायको पुन्हा नको म्हणून. आत्या आधी हसली. मग वाटलं, त्यातला एखादा खरंच पोळलेला असेल.

बायकांच्या मनात पुरुषांचा राग असतो, नाही कशाला म्हणा? बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषजातीची सालटी काढली. निमित्त सुरतेचं. विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. शिक्षा पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांनाच झोडपणं सुरू झालं. आता सांग, ताराबाईंच्या पुस्तकाने किती मुलग्यांची शाळा सुटली? किती विधुरांचं केशवपन झालं? टीका बाईंच्याच वाट्याला आली, जोतीराव फुल्यांना 1885 मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घ्यावी लागली आणि पुस्तक विस्मृतीत गेलं, ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणेपर्यंत. राग जळजळीत होता, पण त्याच्या पाठीशी ना कायदा, ना रूढी, ना सातबारा. जुलूम म्हणायला ते लागतं.

‘आता कायदा बायकांचाच आहे,’ हे तुझं उत्तर आत्याला पाठ आहे. सासरच्या छळाविरुद्धचं 498अ कलम 1983 मध्ये आलं आणि त्याचा गैरवापरही झाला. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सरसकट अटक नको असं बजावलं. डिसेंबर 2024 मध्ये तुझ्याच बेंगळुरूत बायको-सासरच्यांवर छळाचा आरोप करत अतुल सुभाषने जीव दिला, त्याच आठवड्यात न्यायालयाने दुसऱ्या एका निकालात पुन्हा गैरवापराबद्दल इशारा दिला. खोट्या तक्रारीत भरडलेल्या माणसावर अन्यायच होतो. त्याच्यासाठी जरूर भांड. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या सुमारे 29 टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं, तेही वाच.

आणि फोन घे रे. 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात 1,22,724 पुरुष. हा आकडा तू बायकांविरुद्धचा पुरावा म्हणून टाकलास. आत्याला त्यात तुझा बाप दिसला. तुर्भ्याची कंपनी बंद पडली तेव्हा दादा दिवसच्या दिवस गॅलरीत बसून असायचा. एकदा डोळे पुसताना दिसला, तर हीच आत्या म्हणाली, “पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?” त्यानंतर तो कुणासमोर रडला नाही, फारसा बोललाही नाही. ते वाक्य आत्याला कुठल्या मोर्चातल्या बाईने शिकवलं नव्हतं. आपल्या अण्णांचंच होतं ते.

असो, बोलणं जरा जास्तच झालं. एका मुलीने तुला नकार दिला, ते तुला लागलंय, एवढं घरात सगळ्यांना कळतं. लग्नाचा विषय कुणी काढणार नाही, वहिनीला तशी ताकीद दिली आहे. मुक्ता रागावलेली नाही. तुझा फोन आला का म्हणून रोज विचारते. नाताळात आलास तर आत्या दिवाळे गावातून ताजे बोंबील आणून ठेवेल. नाही जमलं तरी हरकत नाही, पण रविवारी फोन वाजला की उचल. बोलायचं नसलं तर बोलू नकोस, नुसता उचल.

तुझी,
आत्या