मान दुखते, हे कागदाला कळू दे

परवा नागनाथाच्या देवळात तुम्ही दोघं दिसलात. हाक मारणार होते, तेवढ्यात पाव्हणे गाभाऱ्याच्या तोंडाशी थबकलेले दिसले. तू लेकराला घेऊन खाली उतरलीस आणि ते वरच, दगडी खांबाला हात लावून उभे. आपला गाभारा कसा आहे तुला ठाऊकच आहे. अरुंद तोंड, उंच पायऱ्या, आणि खाली गेलं की ताठ व्हायला जागा नाही, वाकूनच बसायचं. रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, "फौजी न् पायऱ्या उतरायला भेतो!" तू ऐकलंस आणि ऐकलंच नाही असं केलंस. अगं, तसं करण्यात माझी अर्धी जिंदगी गेली. म्हणून आज मुद्दाम बोलावलं. चहा घे आधी.

तुमच्या ह्यांची मान, आमच्या ह्यांची कंबर. हे गाडीवर होते, ड्रायव्हर. डोंगरातल्या रस्त्यावर एकदा गाडी खड्ड्यात आदळली आणि कमरेत चमक भरली. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, गोळ्या दिल्या, चार दिवस लाइट ड्युटी, की पुन्हा स्टिअरिंगवर. चमक गेली नाही, डावा पाय बधिर होत गेला. पुढं एमआरआयमध्ये दिसलं, मणक्यातली गादी सरकून नस दाबतेय. मेडिकल कॅटेगरी लागली आणि 2007 ला घरी आले. त्या साली आमची हळद शिजत होती. कढईपासून वाळवणापर्यंत पाट्या न्यायच्या होत्या. ह्यांनी एक पाटी उचलली आणि तिथंच खाली बसले, घामानं निथळत. धाकटा दीर सगळ्या मजुरांसमोर म्हणाला, "पलटणीत काय नुसती पेन्शन उचलत होता का रे?" हे काही बोलले नाहीत. त्या रात्री जेवलेही नाहीत.

हात गेला, पाय गेला, तर गावाला दिसतं. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर बघ, 1965 च्या लढाईत गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली, कमरेखाली अधू झाले. तेच 1972 ला जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन आले. 2018 ला पद्मश्री मिळाली, त्यांच्यावर सिनेमाही निघाला. कणा मोडलेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला कुणी खोटं म्हणत नाही. घासलेल्या मणक्याला मात्र सगळेच म्हणतात, घरातलेही. आणि खरं सांगू, एक-दोनदा मीही म्हणाले असेन.

तर आता कागदाकडं येऊ. मेडिकल बोर्डाच्या कागदावर पाव्हण्यांना 20 टक्के अपंगत्व दिलंय, आयुष्यभरासाठी, आणि पुढं लिहिलंय की हा आजार नोकरीमुळं झालेला नाही, नोकरीनं वाढलेलाही नाही. फौजी लोक त्याला 'नाना' म्हणतात, इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडून. आमच्या कागदावरही हाच नाना बसला होता. कारण काय? तर आजार शांततेच्या ठिकाणी सुरू झाला आणि मणके वयानं झिजतात! पस्तिशीत वय झालं म्हणे. मी ते वाचलं, रडले, आणि घडी घालून ट्रंकेत ठेवून दिलं. मोठ्या साहेबांनी सही केलीय, आता आपण काय बोलणार, असं वाटलं. हीच माझी चूक. दहा वर्षं तो कागद डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिला.

आणि मी अशी ट्रंक लावून बसले तेव्हाच, 2013 च्या जुलैत, सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग नावाच्या शिपायाचा निकाल दिला होता. त्याला फेफरं होतं, 20 टक्केच. कोर्ट म्हणालं, भरतीच्या वेळी तुम्हीच तपासलंत, आजाराची नोंद केली नाहीत, म्हणजे माणूस धडधाकट होता असंच धरायचं. मग आजार नोकरीचा नाही हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर, शिपायावर नाही. आणि बोर्डानं नुसतं 'नाही' लिहून भागत नाही, का नाही ते लिहावं लागतं. पाव्हण्यांच्या भरतीचा कागद आठव. छाती फुगवून, पळवून, वाकवून घेतलंच ना त्यांना? तेव्हा मान बरी होती की नाही?

नियमही बघून घे. 1982 चे हक्काचे नियम आहेत, मग 2008 चे, आणि 21 सप्टेंबर 2023 पासून तिसरे. ज्याची घरी यायची तारीख जी, त्याला ते नियम. आमच्या वेळच्या 1982 च्या नियमांत कवायत, कूच, फार वेळ उभं राहणं ह्यांनी बळावणाऱ्या आजारांची यादी आहे, तिच्यात मणक्याचा संधिवात आहे. वकिलानं बोट ठेवून दाखवलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. पाव्हणे 2022 ला आले, म्हणजे 2008 चे. वकिलाला पहिल्यांदा तारीख सांग, मग बाकीचं.

पैशाचं बोलायला लाजू नको. लष्कराचा हिशेब असा आहे: शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, आणि कमी असेल तर त्या प्रमाणात. पगार 40,000 धरला तर शंभराला 12,000, विसाला 2,400. पण 50 च्या आतलं अपंगत्व 50 धरायचं अशी सोय आहे, म्हणजे 2,400 चे 6,000 होतात, वर महागाई वेगळी. पूर्वी ही सोय फक्त आजारपणामुळं मुदतीआधी घरी धाडलेल्यांना होती. 2014 च्या डिसेंबरात राम अवतार खटल्यात कोर्टानं ती मुदत पुरी करून आलेल्यांनाही दिली. मात्र 20 च्या खाली आलं की मुदत पुरी केलेल्याला काहीच नाही. 19 म्हणजे शून्य. 2019 ला सुप्रीम कोर्टानंच तसं सांगितलंय. तुमचे 20 आहेत, ही देवाची कृपा समज.

आम्ही 2017 ला लष्करी न्यायाधिकरणाच्या मुंबईच्या खंडपीठात गेलो. निकाल आमच्या बाजूनं लागला, पण थकबाकी फक्त अर्ज केल्याच्या मागच्या तीन वर्षांची. तरसेम सिंग नावाचा एक जवान 1983 ला घरी आला आणि 1999 ला कोर्टात गेला. त्याच्या खटल्यात 2008 ला ठरलं की पेन्शनचा हक्क उशिरानं मरत नाही, पण मागचा पैसा तीन वर्षांचाच मिळतो. म्हणजे माझ्या ट्रंकेनं सात वर्षांचे पैसे खाल्ले. दोन एकर हळदीचं बेणं आलं असतं गं त्यात.

तुझं कसं करायचं सांगते. नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं असतं. तुझे टळलेत, हरकत नाही, उशिराचं कारण लिहून दे. तेही फेटाळलं तर दुसरं अपील, मग न्यायाधिकरण. पण अपिलाच्या आधी रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकून बोर्डाची पूर्ण नक्कल मागव. मिळालेलं एक पान नव्हे, डॉक्टरांचं मत लिहिलेली सगळी पानं. नाही दिली तर माहितीच्या अधिकारात माग. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत करतात. 2025 च्या जुलैत वीर परिवार सहायता योजना सुरू झालीय, जवानांच्या घरच्यांना फुकट कायद्याची मदत, तिथं तिचीही चौकशी कर. "निम्मे द्या, काम करून देतो" म्हणणारा कुणी दारात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नको.

आणि पाव्हण्यांना सांग, वाढवून काही सांगायचं नाही. मान डावीकडं वळत नसेल तर डावीकडंच म्हणायचं. शर्टाची गुंडी लावताना बोटं चुकतात ना त्यांची? मी पाहिलंय, तू लावून देतेस. ते सांगायचं. पुरुषांना ते सांगायला लाज वाटते, म्हणून डॉक्टरपुढं तू सोबत बस. एक मात्र लक्षात ठेव, हातापायातली ताकद एकदम गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर कागद राहू देत, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठ.

उद्या दुपारी ट्रंक उघड. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद म्हणजे पीपीओ, एमआय रूमच्या चिठ्ठ्या, एमआरआय, सगळं घेऊन ये. आणि लग्नानंतरची त्यांची पत्रंही आण, लाजू नको, मी वाचणार नाही. तूच वाच आणि मान दुखल्याचं पहिल्यांदा कोणत्या महिन्यात लिहिलंय तेवढं सांग. त्या महिन्यात ते कुठल्या पोस्टवर होते, तिथल्या एमआय रूमची नोंद मागायची आहे आपल्याला. पाव्हण्यांनाही आण. ह्यांनी ओट्यावर उंच खुर्ची करून घेतलीय पाठ टेकायला, तशीच दुसरी शेजारच्या सुताराकडून आणवून ठेवते.